कमिटीत निवडून आलो, आता शिकायचं कुठे? (कामगार आणि युनियनचं शिक्षण)

फिटर_चाकण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी आयटीआय फिटर, चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं कायम आहे. गेल्या महिन्यात युनियनच्या कमिटीवर सहचिटणीस म्हणून निवडून आलो. मार्चमध्ये तीन वर्षांचा करार संपतोय, म्हणजे नवं मागणीपत्र आता आमच्याच हातून जायचं आहे.

परवा व्यवस्थापनाबरोबर पहिली बैठक झाली. एचआरच्या साहेबांनी पडद्यावर एक तक्ता लावला. माणशी एकूण खर्च, उत्पादकता, गेल्या तीन वर्षांचा नफा, शेजारच्या कंपन्यांचे पगार. आम्ही पाच जण समोर बसलो होतो. तक्ता खरा की खोटा, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. वीस मिनिटं आम्ही नुसते बघत बसलो. आमचे अध्यक्ष बाहेरचे, म्हणजे आमच्या कंपनीत कामाला नसलेले आहेत, माणूस चांगला आणि अनुभवी, पण त्यांच्याकडे बऱ्याच कंपन्यांच्या युनियन आहेत. त्या दिवशी ते दुसऱ्या गेटवर होते. फोन लावला तर म्हणाले, काही बोलू नका, मी आल्यावर बघू.

घरी येताना बसमध्ये मनात एकच होतं. मशीनचा आवाज बदलला तर बेअरिंग गेलंय हे मला डोळे मिटून कळतं, कारण दोन वर्षं मला कोणीतरी ते शिकवलं. मग ज्या कागदावर दोनशे चाळीस घरांचा पगार ठरतो तो वाचायला मला कोणी का शिकवलं नाही?

तर विचारायचं असं, की कामगाराला हे सगळं शिकता येईल असा कोर्स आहे का? माझी बारावी झाली आहे, पदवी नाही. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, पाळ्या फिरत्या. फी थोडीफार भरू शकतो. वकील व्हायचं नाही, अधिकारीही व्हायचं नाही. टेबलाच्या आपल्या बाजूला बसूनच समोरच्याचा तक्ता वाचता आला पाहिजे, एवढंच.

परळची_पदवी

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी परळच्या संस्थेतून मास्टर ऑफ लेबर स्टडीज केलं आहे. ही संस्था मुंबई सरकारने १९४७ मध्ये काढली, तेव्हा तिचं नाव बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट होतं. आज ती नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. कोर्स दोन वर्षांचा, पूर्णवेळ, पदवीनंतरचा. कामगार कायदे, श्रम अर्थशास्त्र, औद्योगिक संबंध, सगळं खोलात जाऊन शिकवतात. पण आमच्या वर्गातली बहुतेक मुलं एचआरमध्ये गेली, मीही सुरुवातीला तिथेच गेले.

दुसरी वाट म्हणजे कामगार कायदे आणि कामगार कल्याण यांची एक वर्षाची पदविका. पुणे विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांत ती चालते आणि वर्ग संध्याकाळी असल्यामुळे नोकरी करणारे जास्त येतात. तिलाही पदवी लागते. तुमची बारावी झाली आहे, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून आधी पदवी घेता येईल. पाळी सांभाळून पदवीधर झालेले कितीतरी कामगार मी पाहिले आहेत.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे अभ्यासक्रम प्रामुख्याने कामगार कल्याण अधिकारी आणि एचआरची माणसं घडवण्यासाठी आखले आहेत. कारखाने कायद्यात पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती होती, त्यातून या पदव्यांना बाजार मिळाला. कायदा तोच असला तरी कुठल्या खुर्चीवरून वाचायचा हे त्या वर्गात आधीच ठरलेलं असतं. शिस्तभंगाची कारवाई निर्दोष कशी करावी, हे मला तीन तासिका शिकवलं. तशा कारवाईत कामगाराचा बचाव कसा करावा, हे एकाही तासिकेत नव्हतं. ते मी पुढे एका युनियनच्या कार्यालयात शिकले.

जुनी_पाळी

वय वर्षं ७२. ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर म्हणून आयुष्य गेलं. या विषयावर सांगण्यासारखं बरंच आहे, जरा सविस्तर लिहितो.

फिटर भाऊ, तुम्ही शोधताय तशी व्यवस्था आपल्याकडे होती, मोडकीतोडकी का होईना अजूनही आहे. १९५८ मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झालं, मुख्यालय नागपूरला. आता त्याला कामगार नेते दत्तोपंत ठेंगडी यांचं नाव दिलं आहे. त्याची रचना मला आजही फार शहाणपणाची वाटते. तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर मंडळाने तयार केलेले शिक्षणाधिकारी. त्यांनी कारखान्यांतून निवडून आलेल्या कामगारांना शिकवायचं, ते झाले कामगार शिक्षक. आणि या कामगार शिक्षकांनी आपापल्या कारखान्यात परत जाऊन पाळी सुटल्यावर सोबत्यांचे वर्ग घ्यायचे. युनियन नाव सुचवणार, कंपनी पगारी सुट्टी देऊन सोडणार. विद्यापीठाची पायरी न चढता ज्ञान थेट शॉप फ्लोअरवर यायचं.

मी तो कामगार शिक्षकाचा कोर्स केला आहे. तीन महिने मशीनवर हात लावला नाही, फक्त शिकलो. सहावी शिकलेले लोक आमच्या तुकडीत होते. पहिल्या आठवड्यात सगळे गप्प, दुसऱ्या महिन्यात एकेक जण उभा राहून वीस मिनिटं बोलायला लागला. सभेचं इतिवृत्त कसं लिहायचं, ठराव कसा मांडायचा, पावतीबुक आणि रोकड वही कशी जुळवायची, कायद्याचं कलम वाचताना ‘आणि’ कुठे आहे, ‘किंवा’ कुठे आहे हे कसं बघायचं, असं सगळं. ‘आणि-किंवा’ची ती शिकवण मला पुढे तीस वर्षं पुरली.

एक प्रसंग सांगतो. आमच्या खात्यातल्या एकावर रात्रपाळीत झोपल्याचं आरोपपत्र आलं. चौकशीत त्याचा बचाव प्रतिनिधी मी. सुपरवायझरने साक्ष दिली की तीन वाजून दहा मिनिटांनी मी याला मशीनमागे झोपलेला प्रत्यक्ष पाहिला. कोर्सच्या आधीचा मी असतो तर तावातावाने म्हणालो असतो, तुम्ही खोटं बोलताय! पण आम्हाला शिकवलं होतं की उलटतपासाच्या आधी कागद मागा. मी लेखी अर्ज देऊन त्या रात्रीचं कँटीनचं रजिस्टर, गेटचं रजिस्टर आणि त्या मशीनचा उत्पादन तक्ता मागितला. कँटीनच्या रजिस्टरवर तीन ते साडेतीन या वेळेत त्याच सुपरवायझरची सही होती. आवाज न चढवता मी फक्त तेवढं वाचून दाखवलं. आरोप मागे घेतला गेला. दोन लहान मुलांच्या बापाची नोकरी वाचली ती त्या तीन महिन्यांमुळे, असं मी आजही मानतो.

पुढे हे सगळं पातळ होत गेलं. कंपन्या माणसं सोडेनात, युनियन नावं पाठवेनात, कोर्सचे दिवसही कमी झाले. तरी मंडळाचं प्रादेशिक कार्यालय पुण्यात आहे. युनियनच्या लेटरहेडवर पत्र घेऊन तिथे जाऊन भेटा. शिक्षणाधिकारी तुमच्या गेटजवळ येऊन एकदोन दिवसांचा वर्ग घेऊ शकतात.

कोर्टाची_पायरी

कामगार न्यायालयात वकिली करतो. जुनी_पाळी काका, रजिस्टरचा किस्सा मी माझ्या ज्युनिअरना वाचून दाखवला.

फिटर दादा, कुठलाही कोर्स निवडाल तेव्हा एक गोष्ट आधी तपासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा हे तिन्ही मिळून आता औद्योगिक संबंध संहिता २०२० झाली आहे. बाजारात मिळणारी जुनी गाइडं घेऊन अभ्यास केलात तर कलमांचे आकडे चुकतीलच, काही ठिकाणी अर्थही चुकेल.

कमिटीतल्या माणसाला हे बदल तोंडपाठ हवेत. एकाहून जास्त युनियन असतील तर पटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तीच वाटाघाटीची एकमेव युनियन. तेवढा कोणाचाच नसेल तर २० टक्क्यांवरच्या युनियन मिळून वाटाघाटी मंडळ. आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियनसाठी ३० टक्के सदस्यत्व लागत असे, त्यावर वाढलेल्या पिढीला हा आकडा मोठा वाटतो. संपासाठी आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतर १४ दिवस संप करता येत नाही. आधी केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यात ही सक्ती फक्त सार्वजनिक उपयुक्तता सेवांना (रेल्वे, वीज, पाणी अशा) होती, आता सगळ्यांना आहे. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जातो. हे माहीत नसल्यामुळे ‘सामुदायिक रजा टाकू’ असं सहज बोलून जाणाऱ्या कमिट्या मी पाहतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

आणि बाहेरच्या पदाधिकाऱ्यांबद्दल. एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांतला जो आकडा कमी असेल तेवढेच बाहेरचे असू शकतात. २००१ च्या दुरुस्तीपासून हे असंच आहे. म्हणजे बहुसंख्य पदाधिकारी आतलेच हवेत हे कायदाच सांगतो. पण आतल्यांना शिकवलं नाही तर ते पदाधिकारी फक्त सहीपुरते उरतात.

फिटर_चाकण

काका, तुमची पोस्ट मी मोबाईलवर कमिटीतल्या चौघांना वाचून दाखवली. चहा गार झाला.

वकीलसाहेब, एक शंका. आमचा मागचा करार ‘अठरा-एक’चा होता असं जुने लोक म्हणतात. त्याने काय फरक पडतो?

कोर्टाची_पायरी

पडतो, आणि बराच. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम १८(१) प्रमाणे कंपनी आणि युनियन यांनी आपापसात केलेला करार फक्त त्या दोघांवर, म्हणजे त्या युनियनच्या सभासदांवर बंधनकारक. कलम १२(३) खाली, समेट अधिकाऱ्यासमोर (वाद मिटवणारा सरकारी अधिकारी) झालेला करार १८(३) प्रमाणे त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांवर, अगदी नंतर लागणाऱ्यांवरही बंधनकारक. नव्या संहितेतही आपापसातला आणि समेटातला करार हा भेद ठेवला आहे. तुमच्याकडे दुसरी युनियन उभी राहत असेल तर कुठला करार करताय याला फार महत्त्व आहे.

दुसरी_पाळी

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय सगळे. पण मला एक बोलायचं आहे.

मी त्याच पट्ट्यात कंत्राटी आहे. सहा वर्षांत चार ठेकेदार बदलले, मशीन तेच. फिटर दादा म्हणतात दोनशे चाळीस घरांचा पगार. त्यांच्याच कंपनीत आमच्यासारखे किती असतील ते त्यांनी लिहिलं नाही. कमिटी कायम लोकांची, करार कायम लोकांचा, आणि आता कोर्सही कायम लोकांचाच. काकांच्या काळात पगारी सुट्टी देऊन शिकायला पाठवायचे. मला आजारी पडलो तरी त्या दिवसाचा रोज जातो. मी कुठल्या वर्गात बसू?

हे रागाने लिहीत नाही. मलाही शिकायचं आहे, म्हणून लिहितो.

फिटर_चाकण

भाऊ, तुमचं म्हणणं लागलं मला. आमच्याकडे कंत्राटी आणि ट्रेनी मिळून कायम कामगारांपेक्षा जास्त आहेत. मी लिहिताना तो आकडा माझ्या मनातच आला नाही. ही चूक आहे माझी. याचा विचार करून उत्तर देतो.

सेविका_मिरज

दुसरी_पाळी भाऊ, मी अंगणवाडी सेविका. आम्हाला तर सरकार कामगारच म्हणत नाही, मानसेवी म्हणतं आणि पगाराऐवजी मानधन देतं. तरी आम्ही शिकलो, कसं ते सांगते.

आमच्या बीटमध्ये, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटात, महिन्याची मीटिंग असते. ती संपल्यावर एक तास आम्ही थांबतो. युनियनच्या एक ज्येष्ठ ताई आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच काम दिलं, स्वतःच्या अडचणीचं निवेदन लिहा. तीस जणींनी तीस प्रकारे लिहिलं. कोणी चार पानं लिहिली, कोणी ‘आमच्यावर अन्याय होतोय’ एवढंच. मग ताईंनी शिकवलं: कोणाला, कोणत्या तारखेपासून, किती महिन्यांचं मानधन थकलं, कोणत्या शासन निर्णयाप्रमाणे ते मिळायला हवं होतं आणि किती दिवसांत उत्तर हवं. खाली सही, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलायचं नाही. तो शिक्का घ्यायला शिकणं हा आमचा पहिला कोर्स.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. तो निकाल ताईंनी आम्हाला परिच्छेद पाडून मराठीत समजावला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर आमचा संप सुरू झाला तेव्हा गावोगावच्या बाया माइकवर उभं राहून ग्रॅच्युइटी म्हणजे काय हे सांगत होत्या. पंधरा दिवसांचा पगार गुणिले वर्षं, महिन्याचे दिवस सव्वीस धरायचे. सातवी-दहावी शिकलेल्या बायका भागाकार करून दाखवत होत्या. मला त्या दिवसांचा फार अभिमान आहे.

ताळेबंद

मी हिशेब तपासनीस आहे. दोन-तीन युनियनना कराराच्या वेळी आकड्यांत मदत करतो. फिटर_चाकण यांच्या पडद्यावरच्या तक्त्याबद्दल बोलतो, कारण हा भाग कुठल्याच कामगार शिबिरात पुरेसा शिकवत नाहीत.

पहिलं म्हणजे कंपनीने दाखवलेला तक्ता आणि कंपनीने सरकारकडे दाखल केलेला हिशेब शेजारी ठेवा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कुठल्याही नोंदणीकृत कंपनीची दाखल कागदपत्रं पाहता येतात. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, टिपा, सगळं. खासगी मर्यादित कंपनी असली तरी त्यात ताळेबंद सापडतो. टिपा नक्की वाचा, खरी माहिती तिथेच असते.

नफा-तोटा पत्रकात ‘कर्मचारी लाभ खर्च’ अशी एक ओळ असते. व्यवस्थापन म्हणतं, पगाराचा बोजा फार वाढला. त्या ओळीत कामगारांबरोबर मॅनेजर आणि संचालकांचे पगारही येतात. आणि दुसरी_पाळी यांच्यासारख्यांचा खर्च त्या ओळीत बहुतेकदा नसतोच, तो ‘इतर खर्च’ किंवा जॉबवर्कच्या नावाखाली असतो. ही ओळ पाच वर्षांची काढून विक्रीशी तुलना करा. एका वर्षाचा आकडा फसवतो. चाकणात बऱ्याच कंपन्यांची मूळ कंपनी परदेशात असते, तिथे रॉयल्टी आणि तांत्रिक शुल्क किती जातं ते संबंधित पक्षांशी व्यवहारांच्या टिपेत असतं. नफा कमी दिसण्याचं कारण कधीकधी तिथे सापडतं.

दुसरं, महागाई भत्ता. हे मी जरा उदाहरणाने सांगतो, कारण यात लोकांचे खरोखर पैसे गेले आहेत.

एका कंपनीत करार होता की ग्राहक किंमत निर्देशांक (महागाई मोजणारा सरकारी आकडा) एक अंक वाढला की तीन रुपये भत्ता. करार झाला तेव्हा निर्देशांकाचं पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षीचा आकडा शंभर धरतात ते, २००१ होतं. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोने २०१६ ची नवी मालिका आणली. जुन्या मालिकेत ३४० च्या आसपास असलेला आकडा नव्यात ११८ च्या आसपास झाला. दोन मालिका जोडण्यासाठी अखिल भारतीय निर्देशांकाचा गुणक २.८८ आहे. म्हणजे नवा एक अंक जुन्या २.८८ अंकांइतका.

आता बघा. नव्या मालिकेत निर्देशांक दहा अंकांनी वाढला. कंपनीने दहा गुणिले तीन, तीस रुपये दिले. खरं तर दहा अंक म्हणजे जुने २८.८ अंक, त्याचे ८६ रुपये ४० पैसे होतात. दर माणशी दर महिना ५६ रुपये ४० पैसे कमी. दोनशे कामगार धरले तर वर्षाला १ लाख ३५ हजार ३६०. आणि निर्देशांक जसजसा वाढतो तशी ही तूट वाढत जाते. मी कागद पाहीपर्यंत कमिटीतल्या कोणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. कंपनीने मुद्दाम केलं की पगार विभागाची चूक, हे मला ठरवता येत नाही. पण करारात ‘पायाभूत वर्ष बदलल्यास जोड गुणक वापरला जाईल’ हे एक वाक्य असतं तर वाद उभाच राहिला नसता. पुण्यासाठी किंवा मुंबईसाठी वेगळा केंद्रनिहाय निर्देशांक करारात धरला असेल तर त्या केंद्राचा गुणक वेगळा असतो, तो तपासा.

परळची_पदवी

ताळेबंद, हे आम्हाला दोन वर्षांत असं शिकवलं नव्हतं. खरंच.

सोलापूर_ते_बर्मिंगहॅम

मी मूळची सोलापूरची, इथे ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे आणि वॉर्डातली युनियन प्रतिनिधी. इथली एक गोष्ट सांगावीशी वाटते.

इथे मान्यताप्राप्त युनियनच्या प्रतिनिधीला युनियनच्या प्रशिक्षणासाठी पगारी वेळ देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, १९९२ च्या कायद्यात तसं कलमच आहे. किती वेळ यावरून भांडणं होतात, पण ‘देणारच नाही’ असं कोणी म्हणू शकत नाही. मी पाच दिवसांचं पहिलं प्रशिक्षण केलं तेव्हा माझ्या जागी दुसरी नर्स ड्यूटीवर होती आणि माझा पगार चालू होता.

त्या पाच दिवसांत व्याख्यानं फार थोडी होती. आम्हाला जोड्या करून बसवलं, एकीने व्यवस्थापक व्हायचं, एकीने प्रतिनिधी. तक्रार घेऊन जायचं आणि समोरची टाळाटाळ करणार. बाकीच्या बघून लिहून ठेवणार की आपण कुठे अडखळलो, कुठे उगाच माफी मागितली. पहिल्या दिवशी मी तीन वेळा ‘सॉरी’ म्हणाले होते, ते माझ्या कागदावर लिहून आलं. सोलापुरात माझी आजी विडी वळायची. तिच्या काळात असं काही मिळालं असतं तर, हा विचार त्या खोलीत बसून मनात येत होता.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पगारी शैक्षणिक रजेबद्दलचा १४० क्रमांकाचा करार १९७४ चा आहे, त्यात युनियनचं शिक्षणही धरलं आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. पण कंपनीशी होणाऱ्या करारात हे मागायला कोणाची आडकाठी आहे? वर्षाला कमिटीच्या प्रत्येकाला इतके दिवस प्रशिक्षणासाठी पगारी रजा, असं एक कलम मागणीपत्रात टाका.

जुनी_पाळी

बर्मिंगहॅमच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलं. आमच्या जुन्या करारांत असं कलम असायचं, ते पुढे पगारवाढीच्या बदल्यात सोडून दिलं गेलं. आम्हीच सोडलं. त्याची खंत वाटते.

मागणीपत्राचा विषय निघालाच आहे तर. वर परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे म्हणून लिहिलंय ते नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या बघा: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. प्रत्येक मागणीत वेळ आहे, तारीख आहे, माप आहे. मिरजेच्या ताईंच्या तीस जणी जे शिकल्या तेच हे. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं.

त्या साडेपाच हजारांत कायम कोण आणि बदली कोण, असा भेद केलेला मी कुठे वाचला नाही. दुसरी_पाळी, हे तुमच्यासाठी लिहितोय.

नोंदवही

मला थोडं वेगळं मांडायचं आहे. आमच्या कंपनीत कमिटीतल्या दोघांनी युनियनच्या पैशाने पदविका केली. हुशार पोरं. दीड वर्षात एक जण स्टाफमध्ये गेला, दुसऱ्याने नोकरी सोडून सल्लागाराचा धंदा उघडला, तोही मालकांसाठी. त्यांना दोष देत नाही, घर सगळ्यांना आहे. पण युनियनच्या हाती काय उरलं? एकट्यादुकट्याला शिकायला पाठवणं म्हणजे त्याला बाहेर पडायला शिडी लावून देणं. मी खजिनदार आहे, वर्गणीतला पैसा कुठे लावायचा हे मला ठरवावं लागतं, म्हणून विचारतोय.

परळची_पदवी

हे खरं आहे आणि मी स्वतः त्याचं उदाहरण आहे. मला जे उत्तर सापडलं ते काकांच्या पोस्टमध्येच आहे. कामगार शिक्षकाकडून अपेक्षा होती की त्याने परत येऊन वर्ग घ्यावेत. युनियनने फी भरताना ठरावातच लिहावं की शिकलेल्याने वर्षभर महिन्याला एक वर्ग घ्यायचा, आणि त्याची टिपणं युनियनच्या कपाटात राहतील. तो उद्या गेला तरी कपाट जागेवर असेल.

शिवाय एकाला वर्षभराच्या पदविकेला पाठवण्याऐवजी आठ जणांना दोन-दोन दिवसांच्या शिबिरांना पाठवा. मुंबईत परळला अंबेकर संस्था आहे, मुंबईतच मणिबेन कारा संस्था आहे. दोन्ही कामगार चळवळीतूनच उभ्या राहिल्या आहेत. तुमची युनियन ज्या महासंघाशी जोडलेली आहे त्यांच्याकडे आधी चौकशी करा.

नोंदवही

ठरावाची कल्पना पटली. पुढच्या कार्यकारिणीत मांडतो.

कोर्टाची_पायरी

दुसरी_पाळी भाऊ, तुमच्यासाठी तीन कागद. नव्या संहितेप्रमाणे प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, ते ठेकेदाराकडे लेखी मागा. दर महिन्याची वेतनचिठ्ठी जपून ठेवा. आणि भविष्य निर्वाह निधीचं पासबुक मोबाईलवर काढून बघा, चारही ठेकेदारांच्या काळातली वर्गणी जमा झाली आहे का. ज्या कामगाराकडे हे तीन कागद आहेत त्याचा दावा मला उभा करता येतो. पुष्कळदा माणूस खरा असतो, पण दाखवायला कागद नसतो आणि मला हात हलवत परत पाठवावं लागतं. त्याचं वाईट वाटतं.

दुसरी_पाळी

पासबुक काढलं. मधले चौदा महिने कोरे आहेत.

कोर्टाची_पायरी

स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. त्या चौदा महिन्यांत कुठल्या गेटने जात होता, गेटपास कोणाच्या सहीचा होता, बरोबर कोण कोण होतं, हे सगळं आजच वहीत लिहून काढा. मग मला खासगी निरोप पाठवा.

फिटर_चाकण

पंधरा दिवसांनी लिहितोय, माफ करा. पाळ्या आणि बैठका.

काय काय झालं ते सांगतो. मुक्त विद्यापीठाची माहिती काढली आहे, पुढच्या प्रवेशाच्या वेळी मी आणि आमचा खजिनदार दोघंही अर्ज भरणार. पण मार्च त्यासाठी थांबणार नाही. म्हणून कंपनीजवळ एका मित्राच्या गाळ्यात दर गुरुवारी सकाळी दोन तास बसायचं ठरवलं. अध्यक्षांना आधी सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना आवडणार नाही. ते म्हणाले, हे मीच दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं, आणि पहिल्या दिवशी स्वतः येऊन मागे बसले.

पहिल्या गुरुवारी एकोणीस जण आले, त्यातले सात कंत्राटी. दुसरी_पाळी भाऊंची वाट पाहिली, त्यांची पाळी होती असं कळलं. ताळेबंद साहेबांची महागाई भत्त्याची पोस्ट फळ्यावर लिहिली आणि आमचा स्वतःचा करार काढून बसलो. आमच्याही करारात ‘प्रति अंक’ लिहिलंय, पायाभूत वर्षाचा उल्लेख नाही. पॅकिंगमधल्या एका पोराने, बारावी नापास आहे तो, फळ्यावर येऊन तीन वर्षांचा हिशेब मांडला. बरोबर आला की नाही ते अजून तपासून घ्यायचंय. आकडे खासगीत पाठवतो, ताळेबंद साहेब, बघाल का?

दुसऱ्या गुरुवारी निवेदन लिहिण्याचा सराव, मिरजेच्या ताईंच्या पद्धतीने. शिक्षणाधिकाऱ्यांना पुण्याच्या कार्यालयात जाऊन भेटलो, ते महिनाअखेरीस दोन दिवस यायला तयार आहेत. मागणीपत्राच्या कच्च्या मसुद्यात अकरावी मागणी म्हणून कमिटी सदस्याला वर्षाला सहा दिवस पगारी प्रशिक्षण रजा लिहिली आहे, आणि बारावी म्हणून कंत्राटी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची दर तिमाहीला कमिटीसमोर तपासणी.

येत्या गुरुवारी खात्यांतर्गत चौकशीचा सराव करायचाय. आरोपपत्र तयार आहे, बचाव प्रतिनिधी तयार आहे, साक्षीदारही ठरले. पण व्यवस्थापनाच्या बाजूने बसायला कोणी तयार होईना, सगळे म्हणतात आम्हाला ते जमणार नाही.

ताळेबंद

आकडे पाठवा. करारातलं ते कलम आणि तीन वर्षांच्या वेतनचिठ्ठ्यांचे फोटोही जोडा.

दुसरी_पाळी

या गुरुवारी माझी रात्रपाळी आहे. सकाळी सुटून थेट येतो.

जुनी_पाळी

व्यवस्थापनाच्या बाजूने मी बसतो. ठाण्याहून पहाटेची गाडी धरली तर नऊपर्यंत पोचेन. गाळ्याचा पत्ता खासगी निरोपात कळवा, आणि बचाव प्रतिनिधीला सांगा की कँटीनचं रजिस्टर त्याने मागितल्याशिवाय मी देणार नाही.